फाउंड्रीतील ट्रॉली आणि विहिरीवरील पंप या दोन प्रकल्पांसाठी कोणता बोर्ड घ्यावा?

प्रश्न
शिक्षक, बेळगाव

नमस्कार. बेळगावातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि यंदा अंतिम वर्षाच्या दोन गटांना मार्गदर्शन करत आहे. दोन्ही गटांचे विषय मला मनापासून पटले आहेत, कारण ते कुठल्या व्हिडिओवरून उचललेले नसून आपल्याच भागातील गरजेतून आलेले आहेत. घोडे अडले आहे ते बोर्डाच्या निवडीवर.

पहिल्या गटाला उद्यमबागेतील एका लहान फाउंड्रीच्या मालकांनी काम सुचवले आहे. फेटलिंग विभागात घासून साफ केलेले कास्टिंग तपासणीच्या टेबलापर्यंत नेणारी छोटी ट्रॉली त्यांना हवी आहे. वजन सुमारे २० किलो, वेग माणसाच्या संथ चालीइतका, वाट जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्यावरून, आणि मध्ये कोणी आले तर ट्रॉलीने आपणहून थांबायचे, एवढीच अपेक्षा आहे. कोणत्या टेबलापाशी थांबायचे हे तिथे चिकटवलेली खूण कॅमेऱ्याने ओळखून ठरवावे, असा मुलांचा विचार आहे.

दुसऱ्या गटातील मुले खानापूर आणि चिकोडी तालुक्यांतील शेतकरी घरांतली आहेत. पंपावर थ्री फेज वीज आली का, मोटर खरोखर सुरू झाली का आणि पाइपातून पाणी पडते आहे का, या तीन गोष्टी रात्री शेतात न जाता घरी कळाव्यात आणि जमल्यास घरूनच मोटर सुरू-बंद करता यावी, असे उपकरण त्यांना बनवायचे आहे.

दोन्ही गटांनी रास्पबेरी पाय ५ या लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या छोट्या एकबोर्डी संगणकाची, तीही ८ जीबी मेमरीच्या, मागणी केली आहे. विभागाच्या निधीत एक चांगला बोर्ड आणि काही किरकोळ बोर्ड बसतात, त्याहून जास्त नाही. ट्रॉलीला पाय ५ पुरेल की जेटसनसारखा एआयसाठीचा अधिक ताकदीचा बोर्ड लागेल, कॅमेरा आणि मोटर दोन्ही एकाच बोर्डावर सांभाळता येतील का, आणि पंपासाठी लिनक्स चालवणाऱ्या बोर्डाची मुळात आवश्यकता आहे का, याविषयी ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी लिहावे, ही विनंती.

उत्तर १
कंट्रोल पॅनेल व ऑटोमेशन, उद्यमबाग

नमस्कार सर. बोर्डाचे नाव थोडा वेळ बाजूला ठेवा आणि मुलांना ट्रॉलीच्या कामांची यादी करायला सांगा. त्या यादीतील प्रत्येक कामापुढे, ते वीस मिलिसेकंद उशिरा झाले तर काय बिघडेल, हे लिहायला लावा. कॅमेऱ्यातून पट्टा शोधणे, टेबलाची खूण वाचणे, वाय-फायवरून मालकांच्या फोनला स्थिती कळवणे या कामांना तेवढा उशीर चालतो. चाकांचे पल्स मोजणे, मोटरचा वेग धरून ठेवणे आणि अडथळा दिसताच थांबणे यांना तो चालत नाही. पहिली कामे लिनक्सच्या बोर्डाची आणि दुसरी मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे एकच प्रोग्राम सतत चालवणाऱ्या छोट्या चिपची, अशी वाटणी झाली की निवडीचा निम्मा प्रश्न सुटतो.

हे का, ते आकड्यांत पाहा. ट्रॉलीचे चाक १५ सेंटिमीटर व्यासाचे धरले तर त्याचा परीघ सुमारे ४७ सेंटिमीटर होतो, म्हणजे संथ चालीला चाक सेकंदाला साधारण एक फेरा घेते. गिअर मोटरच्या मागच्या टोकाला बसणारा नेहमीचा हॉल एन्कोडर (चुंबकाच्या साहाय्याने फेरे मोजणारा सेन्सर) मोटरच्या एका फेऱ्याला ११ पल्स देतो. गिअर ३० पट असेल तर चाकाच्या एका फेऱ्याला ३३० पल्स होतात आणि दोन्ही चॅनेलांच्या चढत्या-उतरत्या कडा मोजल्या तर १३२०. दोन चाके मिळून सेकंदाला अडीच हजारांहून अधिक कडा, म्हणजे सरासरी दर ०.४ मिलिसेकंदाला एक. लिनक्स ही एकाच वेळी अनेक कामे चालवणारी प्रणाली आहे. तिने कॅमेऱ्याची चौकट उचलण्यासाठी किंवा कार्डावर काही लिहिण्यासाठी तुमचा पायथनचा प्रोग्राम क्षणभर मागे ठेवला की तेवढे पल्स गेले, आणि ट्रॉली सरळ चालली आहे असे समजत ती तिरकी जाऊ लागते. प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी हा दोष जात नाही, कारण तो वेगाचा नसून वेळ पाळण्याचा प्रश्न आहे.

उलट चारपाचशे रुपयांच्या ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डामध्ये पल्स मोजण्यासाठी वेगळे हार्डवेअरच दिलेले आहे. रास्पबेरी पायचाच पिको बोर्ड घेतला तर त्यातील पीआयओ नावाचा विभाग मुख्य प्रोसेसरला न विचारता ही मोजणी करतो. म्हणून माझा सल्ला असा की वर पाय ५ (तोही ४ जीबीचा पुरेल), खाली पिको किंवा ईएसपी३२, आणि दोघांमध्ये यूएसबी किंवा सिरियल जोडणी. वरच्याने फक्त 'डावे चाक इतक्या वेगाने, उजवे इतक्या वेगाने' एवढे सांगायचे. वेग प्रत्यक्ष राखण्याची जबाबदारी खालच्याची. खालच्याच्या प्रोग्राममध्ये एक अट अवश्य घालावी: वरून २०० मिलिसेकंद काहीच निरोप आला नाही तर मोटर बंद. पाय ५ चा प्रोग्राम अडकून बसला तरी २० किलोची ट्रॉली कोणाच्या घोट्यावर जाऊ नये.

एकाच बोर्डावर दोन्ही कामे हवीत असा आग्रहच असेल, तर २०१३ पासून बाजारात असलेला बीगलबोन ब्लॅक हा त्या विचाराने बनवलेला बोर्ड आहे. त्याच्या चिपमध्ये लिनक्स चालवणाऱ्या १ गिगाहर्ट्झच्या गाभ्याशेजारी २०० मेगाहर्ट्झचे दोन स्वतंत्र लहान प्रोसेसर आहेत आणि एन्कोडर वाचण्याची सोयही आहे. मात्र मुख्य गाभा एकच आणि मेमरी ५१२ एमबी असल्यामुळे कॅमेऱ्याच्या कामात तो धापा टाकतो.

आपत्कालीन बटणाविषयी तडजोड करू नका. लाल बटण दाबले की मोटरची वीज रिले किंवा कॉन्टॅक्टरमधून थेट तुटली पाहिजे. बटणाचा संकेत पायला जाऊन मग प्रोग्रामने मोटर थांबवणे ही आपत्कालीन व्यवस्था नव्हे. बटण दाबल्याचे पायला कळवायचे असेल तर वेगळ्या संपर्कातून कळवावे.

आता विजेचे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत बोर्डाच्या नावाने जी बोटे मोडली जातात, त्यांतील बरीचशी खरे तर पॉवर सप्लायच्या वाट्याची असतात. पाय ५ ला ५ व्होल्टला ५ अँपिअर देणारा सप्लाय लागतो. सप्लायने तेवढी क्षमता असल्याचे कळवले नाही तर बोर्ड आपल्या सर्व यूएसबी पोर्टांना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो, आणि मग लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) किंवा यूएसबी कॅमेरा मधूनच गायब होतो. बॅटरीवरून बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारे सर्किट) लावून वीज दिली तर हे बोलणे होतच नाही, त्यामुळे कन्व्हर्टरची क्षमता खरोखर ५ अँपिअरची आहे याची खात्री करून बोर्डाच्या सेटिंगमध्ये ती मर्यादा हाताने उठवावी लागते. मोटर आणि पाय यांना एकाच कन्व्हर्टरवर कधीही ठेवू नये. मोटर उभ्याने सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, तेवढ्यात ५ व्होल्टचे साडेचार होतात, पडद्यावर कमी व्होल्टेजची सूचना चमकते आणि त्याच क्षणी कार्डावर लेखन चालू असेल तर पुढच्या वेळी बोर्ड उठतच नाही. दोन वेगळे कन्व्हर्टर वापरावेत, दोघांचा ग्राउंड बॅटरीपाशी एकाच बिंदूवर जोडावा. एल२९८एन हा लाल रंगाचा मोटर ड्रायव्हर प्रयोगशाळेत ढिगाने पडलेला असतो. त्यात साधारण २ व्होल्ट उष्णतेतच जातात आणि प्रति चॅनेल क्षमता २ अँपिअर. या वजनाला तो उपयोगाचा नाही, मॉस्फेटचा ड्रायव्हर घ्या.

शेवटी फेटलिंग विभागाची धूळ. ग्राइंडरखालून उडणारे लोखंडाचे बारीक कण सगळीकडे जातात. हॉल एन्कोडरच्या मागे जी चुंबकाची चकती असते तिच्यावर हे कण दाढीसारखे उभे राहतात आणि सेन्सरशी घासू लागतात. उघडी मोटर लावली तर पल्स चुकण्याचे कारण मुले प्रोग्राममध्ये शोधत बसतील. मोटरच्या मागच्या टोकाला टोपण घालून कडेने सिलिकॉन भरावे. पाय ५ ला थंडावा लागतो हे खरे (८० अंशांच्या पुढे तो स्वतःचा वेग कमी करू लागतो), परंतु येथे पंख्याचे झाकण लावणे म्हणजे वीजवाहक धूळ ओढून बोर्डावर पसरवणे होय. संपूर्ण ॲल्युमिनियमचे, पंखा नसलेले आणि चिपला थेट टेकणारे केस मिळते, ते वापरावे.

उत्तर २
शेती व पंप स्टार्टर दुरुस्ती, निपाणी परिसर

मी पंपाच्या प्रकल्पापुरते लिहितो. सर, पंपावर लिनक्सचा बोर्ड नको. आपल्याकडे शेतातली वीज ठरावीक तासांत येते, मध्येच जाते, परत येते. मेमरी कार्डावर पूर्ण प्रणाली ठेवणाऱ्या बोर्डाला असे झटके मानवत नाहीत. मायक्रोकंट्रोलरला बंद होण्याची तयारी लागत नाही, वीज आली की तो एका सेकंदाच्या आत कामाला लागतो. या कामाला ईएसपी३२ पुरून उरतो.

तीन गोष्टी तीन वेगळ्या मार्गांनी कळवून घ्याव्यात. वीज आली का, हे तिन्ही फेज स्वतंत्रपणे पाहून ठरवावे, कारण दोनच फेज असताना दिवा लागतो पण मोटर जळते. त्यासाठी प्रत्येक फेजला ऑप्टोकपलर (विजेचा थेट संपर्क न येऊ देता प्रकाशाने संकेत पोहोचवणारा भाग) लावता येतो. परंतु मुलांनी ४०० व्होल्टच्या बाजूला हात घालण्यापेक्षा बाजारात मिळणारा फेज तपासणारा रिले वापरून त्याचा कोरडा (स्वतःचे व्होल्टेज नसलेला) संपर्क बोर्डाला द्यावा, हे मला अधिक योग्य वाटते. मोटर सुरू झाली का, हे एका वायरभोवती बसणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरने कळते. पाणी पडते का, हे मात्र केवळ करंटवरून खात्रीने ठरवता येत नाही. विहीर आटली किंवा फूटव्हॉल्व्हमधून पाणी उतरले तरी मोटर फिरतच राहते. पाइपावर फ्लो स्विच किंवा प्रेशर स्विच बसवावा. करंट आहे आणि प्रवाह नाही अशी स्थिती मिनिटभर राहिली तर मोटर बंद करणे, एवढे एकच काम या उपकरणाने नीट केले तरी वाइंडिंगचा खर्च वाचेल.

ईएसपी३२ वर ॲनालॉग मोजणी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यात ॲनालॉग पिनांचे दोन संच आहेत आणि वाय-फाय चालू असताना दुसऱ्या संचाच्या पिनांवर मोजणी होत नाही. करंट ट्रान्सफॉर्मरची जोडणी पहिल्या संचावरच करावी.

मोटर सुरू-बंद करण्यासाठी स्टार्टरच्या आत ढवळाढवळ करू नये. स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर एक रिले आणि लाल बटणाच्या मालिकेत दुसरा रिले, असे दोन रिले पुरतात. ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की मोटर बंद करणारे साधन) जसे आहेत तसेच राहिले पाहिजेत आणि शेवटचा शब्द त्यांचाच असला पाहिजे. ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

निरोप पोहोचवण्याचे दोन मार्ग आहेत. पंपापाशी मोबाइलची रेंज असेल तर ४जी मॉड्यूल. सिम८००एल हे स्वस्त मॉड्यूल केवळ २जीवर चालते, त्यामुळे जिथे २जी सेवाच नाही अशा कंपनीचे सिम त्यात उपयोगाचे नाही. शिवाय निरोप पाठवताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते आणि बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेवरून ते चालवले तर सगळेच रीसेट होते. खानापूरच्या पश्चिमेकडे, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, रेंजचा भरवसा नसतो. तिथे घर फार दूर नसेल तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवरचे लोरा (कमी विजेत लांबवर छोटे निरोप पाठवणारी रेडिओ पद्धत) मॉड्यूल घ्यावे, हा पट्टा आपल्या देशात विनापरवाना वापरासाठी खुला आहे. ४३३ मेगाहर्ट्झची मॉड्यूल स्वस्त दिसतात म्हणून घेऊ नयेत. झाडी आणि उतार मध्ये आले की अंतर झपाट्याने घटते, तेव्हा अँटेना स्टार्टरच्या पेटीत न ठेवता उंचावर न्यावी. पत्र्याच्या पेटीत ठेवलेली अँटेना आणि न लावलेली अँटेना यांत फार फरक नाही.

संदेशाच्या भाषेचा विचार मुलांनी आधीच करावा. आमच्याकडे एकाच पाइपलाइनवर मराठी आणि कन्नड बोलणारे भागीदार असतात आणि प्रत्येकाला आपल्या लिपीत संदेश हवा असतो. एसएमएसमध्ये रोमन लिपीत १६० अक्षरे बसतात, देवनागरी किंवा कन्नडमध्ये ७०. मजकूर तेवढ्यात बसवावा, नाही तर एका संदेशाचे दोन होतात. मिस्ड कॉल दिला की मोटर सुरू, ही सोय म्हाताऱ्या माणसांना ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडते.

वळवाच्या पावसात विजा पडतात, म्हणून येणाऱ्या लाइनवर सर्ज प्रोटेक्टर लावावा. पेटीत केबल शिरण्याची भोके खालच्या बाजूला ठेवून ग्लँड बसवावेत.

लिनक्सचा बोर्ड हवाच असेल तर तो घरी ठेवावा. पाय झिरो २ डब्ल्यू किंवा कपाटात पडलेला जुना पाय ३ यावर एमक्यूटीटीचा (उपकरणांमध्ये निरोपांची देवाणघेवाण करणारा) सर्व्हर आणि नोंदी ठेवण्याची सोय उत्तम चालते.

उत्तर ३
रोबोटिक्स सॉफ्टवेअर, मूळ शहापूर-बेळगाव, सध्या बेंगळुरू

पहिल्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु लिनक्स वेळ पाळूच शकत नाही हे विधान आता तितकेसे बरोबर राहिलेले नाही. वेळेची हमी देणारे पीआरईईएमपीटी-आरटी हे काम कित्येक वर्षे वेगळे चालले होते. ते २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत लिनक्सच्या मुख्य कर्नेलचा, म्हणजे गाभ्याचा, भाग झाले. तसे कर्नेल बांधून घेतले तर मिलिसेकंदाच्या पातळीवरील नियंत्रण पायवरही करता येते. तरीही या प्रकल्पात खाली मायक्रोकंट्रोलरच ठेवावा असे मीही म्हणेन, मात्र कारण वेगळे आहे: मोटरची बाजू एकदा बसली की तिला कोणी हात लावायचा नाही आणि वरची बाजू रोज मोडून पुन्हा बांधायची, ही मोकळीक विद्यार्थ्यांना मिळते.

हीच दोन डोक्यांची रचना आता एका बोर्डावर येऊ लागली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आर्डुइनोने उनो क्यू हा बोर्ड आणला. त्यात डेबियन चालवणारा क्वालकॉमचा प्रोसेसर आणि त्याच्या शेजारी एसटीएम३२ जातीचा मायक्रोकंट्रोलर आहे. कल्पना चांगली आहे, परंतु अडलेल्या विद्यार्थ्याला उत्तरे शोधायला जुने लिखाण लागते आणि ते पायइतके कोणत्याच बोर्डाचे नाही. अंतिम वर्षाच्या वेळापत्रकात हा मुद्दा प्रोसेसरच्या वेगाहून मोठा आहे. याच कारणाने मी स्वस्तातले नवनवे बोर्डही टाळायला सांगतो. कागदावर त्यांची चिप पायपेक्षा सरस असते, पण कर्नेल जुने आणि कॅमेऱ्याचा ड्रायव्हर अर्धवट असा अनुभव त्यांच्या बाबतीत नेहमीचा आहे.

जेटसनची गरज नाही. पिवळा पट्टा शोधणे आणि छापील चौकोनी खूण ओळखणे ही ओपनसीव्ही या चित्रे वाचणाऱ्या लायब्ररीची जुनी, हलकी कामे आहेत; अरुको किंवा एप्रिलटॅग पद्धतीच्या खुणा पाय ५ सहज वाचतो. जेटसन ओरिन नॅनो घ्यावा तो अनेक कॅमेऱ्यांवर एकाच वेळी न्यूरल नेटवर्क चालवायचे असेल तेव्हा. कोणी २०१९ चा जुना जेटसन नॅनो स्वस्तात देऊ केला तर मोह आवरावा, कारण त्याचे अधिकृत सॉफ्टवेअर उबुंटू १८.०४ च्या पुढे गेलेले नाही आणि आजच्या लायब्ररी त्यावर बसवताना मुलांचे सत्र संपून जाईल.

आरओएस २ (रोबोटसाठीची सॉफ्टवेअर चौकट) वापरायचे ठरले तर आवृत्ती आधी ठरवा आणि मगच शिकवण्या शोधा. जालावरील बरेच धडे हंबल आवृत्तीचे आहेत. हंबल उबुंटू २२.०४ साठी आहे, त्याचा पाठिंबा मे २०२७ पर्यंत आहे, आणि २२.०४ पाय ५ वर चालत नाही. पाय ५ वर उबुंटू २४.०४ आणि जॅझी ही जोडी घ्यावी. तिचा पाठिंबा मे २०२९ पर्यंत आहे, म्हणजे पुढच्या तुकड्यांनाही तेच काम पुढे नेता येईल. जुन्या धड्यांतील दुसरी अडचण जीपीआयओची, म्हणजे बाहेरची साधने जोडण्याच्या पिनांची. पाय ५ मध्ये पिनांचे काम आरपी१ या वेगळ्या चिपकडे गेले आहे, त्यामुळे आरपीआय.जीपीआयओ ही जुनी लायब्ररी तिथे चालत नाही. जीपीआयओझिरो वापरावी. पिना ३.३ व्होल्टच्या आहेत हे मुलांना माहीत असते, पण फाउंड्रीतील प्रॉक्झिमिटी सेन्सर २४ व्होल्टचे असतात हे प्रत्यक्ष जोडेपर्यंत लक्षात येत नाही. मध्ये ऑप्टोकपलर हवाच.

प्रश्नकर्त्याची नोंद

आपण सर्वांनी सविस्तर लिहिले, मनःपूर्वक आभार. पंपाच्या गटाने ईएसपी३२ मान्य केला आहे आणि पाय ५ ट्रॉलीकडे जाईल. मुले फाउंड्रीत जाऊन पाहणी करून आली, त्यातून दोन शंका निघाल्या. पिवळा पट्टा दुपारपर्यंत वाळू आणि काजळीने जवळजवळ दिसेनासा होतो, आणि मोठ्या दाराजवळ बाहेरच्या उन्हाचा झोत जमिनीवर पडतो. चुंबकीय पट्टी चिकटवावी असे एकाने सुचवले आहे. दुसरे असे की पाळी संपली की कामगार सगळ्याच यंत्रांचा मुख्य स्विच सरळ बंद करतात. ट्रॉलीचाही तसाच बंद होणार. 'आधी पाय नीट बंद करा' असे कोणाला सांगणे व्यवहार्य दिसत नाही.

उत्तर ४
कंट्रोल पॅनेल व ऑटोमेशन, उद्यमबाग

कामगारांना तसे सांगूही नये. स्विच बंद केला की यंत्र बंद होणे हीच त्यांची योग्य अपेक्षा आहे. दोन उपाय एकत्र करावेत. किल्लीच्या स्विचने बॅटरी थेट न तोडता मायक्रोकंट्रोलरला संकेत द्यावा. मायक्रोकंट्रोलरने मोटरची वीज लगेच काढावी, पायला बंद होण्याचा निरोप द्यावा आणि अर्ध्या मिनिटानंतर पायचाही रिले सोडावा. हे फसले तरी नुकसान होऊ नये म्हणून कार्डावरील मूळ प्रणाली केवळ वाचनापुरती खुली ठेवावी. रास्पबेरी पाय ओएसमध्ये त्यासाठी ओव्हरलेची सोय सेटिंगमध्येच आहे, उबुंटूमध्ये ती वेगळी बसवावी लागते. रोजच्या नोंदी वेगळ्या विभागात किंवा सरळ नेटवर्कवरून कार्यालयातील संगणकावर पाठवाव्यात.

चुंबकीय पट्टीचा विचार सोडून द्या. जिथे हवेतच लोखंडाचे कण आहेत तिथे ती पट्टी आठवड्याभरात केसाळ होईल. रंगाचा पट्टाच ठेवा, पण फिकट पिवळ्याऐवजी रुंद पांढरा आणि दोन्ही कडांना काळा, म्हणजे कॅमेऱ्याला रंग ओळखण्याऐवजी उजेड-अंधाराची कड शोधावी लागेल. ती मळल्यावरही बराच काळ टिकते. कॅमेरा पुढे न पाहता ट्रॉलीच्या पोटाखालून जमिनीकडे पाहणारा ठेवावा, भोवती रबराचा पडदा सोडावा आणि आत स्वतःचा एलईडी लावावा. मग दारातले ऊन असो की रात्रपाळी, कॅमेऱ्याला एकच उजेड दिसतो. टेबलाच्या खुणाही जमिनीवरच पट्ट्याशेजारी लावल्या तर दुसऱ्या कॅमेऱ्याची गरज उरणार नाही. त्या खुणांवर जाड पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा स्क्रूने बसवावा, पुसता येतो.

समोर माणूस आला का, हे मात्र या कॅमेऱ्यावर सोपवू नका. पुढच्या बाजूला दाबले की संपर्क तुटणारा बंपर आणि त्याच्या आधी थांबवणारा अंतरमापक सेन्सर, दोन्ही मायक्रोकंट्रोलरला जोडलेले. बंपरचा संपर्क आपत्कालीन बटणाच्याच मालिकेत घ्यावा. ट्रॉलीवर मजकुराचा पडदा लावण्याचा मुलांचा बेत असेल तर त्याऐवजी हिरवा-पिवळा-लाल टॉवर लॅम्प लावा. कन्नड, मराठी, हिंदी अशा तिन्ही भाषांच्या कामगारांना तो लांबूनही समजतो.

उत्तर ५
रोबोटिक्स सॉफ्टवेअर, मूळ शहापूर-बेळगाव, सध्या बेंगळुरू

कॅमेरा पोटाखाली ठेवण्याची सूचना उत्तम आहे. तिला एक पुरवणी: जमिनीच्या इतक्या जवळून पाहताना साध्या कॅमेऱ्यात चित्र ओळीओळीने टिपले जात असल्यामुळे चालत्या ट्रॉलीवर खुणा तिरक्या दिसतात. रास्पबेरी पायचा ग्लोबल शटर कॅमेरा संपूर्ण चित्र एकाच क्षणी टिपतो. निधी उरला तर तो घ्यावा, नाही तर एलईडी प्रखर करून एक्स्पोजर शक्य तितके कमी ठेवावे.

खरेदीविषयी. किरकोळ सुटे भाग बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हाताळून घेता येतात, आणि ड्रायव्हर, कनेक्टर, केबल यांसाठी ती फेरी करण्यासारखी आहे. पाय ५ मात्र अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह मागवावा, महाविद्यालयाच्या हिशेबालाही ते बरे. मागवताना कॅमेऱ्याची केबल स्वतंत्र नोंदवायला विसरू नका: पाय ५ वरील कॅमेऱ्याचा सॉकेट २२ पिनांचा, अरुंद आहे आणि जुन्या पायबरोबर चालणारी १५ पिनांची पट्टी त्यात बसत नाही, त्यामुळे एका टोकाला १५ आणि दुसऱ्या टोकाला २२ पिना असलेली केबल लागते. ट्रॉली हादरे खाणार आहे, म्हणून ती केबल लांबीने आखूड घेऊन दोन्ही सॉकेटांजवळ पट्टीने बांधावी, आणि ब्रेडबोर्डवरच्या जम्पर वायरी फाउंड्रीत नेण्याआधी सगळ्या काढून तिथे स्क्रूचे टर्मिनल बसवावेत.